कुशीचा तक्ता

त्या घरात तिला सगळे कंडक्टर म्हणत. नाव ठेवलं काकांनी. काका म्हणजे बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, आणि हिच्या फोनचा गजर वाजायचा दर दोन तासांनी. गजर झाला की ही बाह्या सरसावून पलंगाशी हजर. "चला काका, कूस बदलायची." त्यावर काकांचं ठरलेलं, "जन्मभर दुसऱ्याच्या घंटीवर गाडी हलवली, आता तुझ्या घंटीवर मी हलायचं. कंडक्टरच आहेस तू!"

बाई कामाला वाघ होती, यात वाद नाही. घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला बायका पाठवणाऱ्या एका एजन्सीत तिला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत तिच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती. सकाळी आठ ते रात्री आठ ती. रात्री आठ ते सकाळी आठ एक मावशी, पन्नाशी उलटलेल्या, बोलायला कमी आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. काकांची मुलगी, म्हणजे ताई, सकाळी ऑफिसला जायची ती दिवेलागण झाल्यावर यायची. रविवारी कंडक्टरला सुट्टी, तेव्हा दिवसभर ताई. घरात माणसं एवढीच.

काका दीड वर्षापूर्वी गॅलरीतला दिवा बदलताना स्टुलावरून पडले. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. चिमटा काढा, सुई टोचा, पत्ता नाही. कमरेच्या वर मात्र गडी ठणठणीत. डोकं तर असं तल्लख, की खालच्या चौकातला लाल दिवा किती सेकंदांचा आणि हिरवा कितीचा, ते तोंडपाठ. अशा माणसाला एकाच अंगावर फार वेळ पडू द्यायचं नसतं. हाडाखालची कातडी दबते, लाल होते, मग फुटते, आणि त्याला बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, उजवी, पाठ, डावी, पाठ, आणि पलंगाच्या दांडीला अडकवलेल्या तक्त्यावर लिहायचं: वेळ, कूस, सही.

आता गंमत बघा. काकांच्या उजव्या अंगाला खिडकी, आणि खिडकीखाली तो चौक. डाव्या अंगाला भिंत. रंग मारलेली कोरी भिंत, तिच्यात एक खिळासुद्धा नाही. "दोन तास भिंतीकडे तोंड!" काका करवादायचे. "अगं, शाळेत मास्तरसुद्धा दहा मिनिटांत सोडायचे!" उजव्या कुशीवर घातलं की मात्र स्वारी खुलायची. "बघ बघ, तो हेल्मेटवाला आता वळणार, आणि हात दाखवणार नाही. दाखवला? सांगितलं ना! यांना परवाने देतो कोण?" कंडक्टर कपड्यांच्या घड्या घालता घालता हसायची. कधी तीही पैज लावायची, आणि हरायची.

एका दुपारी गजर झाला तेव्हा काका म्हणाले, "आज राहू दे गं. शाळा सुटायची वेळ झाली, तेव्हाच तर खरी मजा." तिने राहू दिलं. एका दिवसाने काय होतंय! तक्त्यावर मात्र लिहिलं, दोन वाजता, पाठ, सही. जागा कोरी ठेवली असती तर एजन्सीच्या सिस्टरने विचारलं असतं. मग दुसऱ्या दिवशीही राहू दिलं. मग रोज. बारा ते सहा काका उजव्या कुशीवर, आणि तक्त्यावर पाठ, डावी, पाठ, सगळं कसं शिस्तीत. पुढे पुढे तर ती बारा वाजताच सहापर्यंतच्या नोंदी एकदम लिहून मोकळी व्हायची. दोघांचं गुपितच झालं ते. काका डोळा मारून म्हणायचे, "कंडक्टर आपला असला की स्टॉप कुठेही मिळतो."

सिस्टर म्हणजे एजन्सीची तपासणीस. दर सोमवारी सकाळी आठला, पाळी बदलताना यायची, म्हणजे दोन्ही बायका तावडीत सापडत. महिन्याभरापूर्वी तिने कंडक्टरचा तक्ता हातात घेऊन बघितला आणि फोन काढून त्याचा फोटोच घेतला. "याला म्हणतात तक्ता! नव्या मुलींना दाखवायला नेते. पुढच्या तुकडीला शिकवायला तूच ये." कंडक्टरचे कान गरम झाले. लाजेने म्हणावं तर लाजेने नव्हे, आनंदाने. खोटं लिहिलेल्या कागदाचं कौतुक होतंय हे कळत होतं की तिला. पण कौतुक कोणाला नको असतं? तिने मान खाली घालून हसून घेतलं.

पुढे एका शुक्रवारी अंग पुसताना तिला काकांच्या उजव्या खुब्यावर लाल चट्टा दिसला. रुपयाएवढा. तिने मलम चोळलं आणि तक्त्यावर काही लिहिलं नाही. शनिवारी सकाळी मावशींनी जाता जाता दारात सांगितलं, "उजवा खुबा लाल दिसतोय. आज डाव्या कुशीवर जास्त ठेव." ही म्हणाली, "हो हो, बघते." आणि दुपारी चौकात दोन गाड्यांची टक्कर झाली, माणसं जमली, काका कोपरावर उठून कोण चुकलं ते सांगायला लागले, आणि त्या भरात राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, तिने राहू दिलं. रविवारी ताईने अंग पुसायला सुट्टी दिली.

सोमवारी सिस्टरने चादर बाजूला केली आणि तिचं तोंड बदललं. चट्टा फुटला होता. आतलं मांस दिसत होतं. काका बिचारे विचारत होते, "काय झालं? काय बघताय सगळ्या?" ताई ऑफिसची पर्स खांद्याला लावून उभी होती, ती तशीच भिंतीला टेकली.

सिस्टरने तक्ता घेतला. दिवसपाळी बघितली: एक नोंद इकडची तिकडे नाही. रातपाळी बघितली, आणि गुरुवारच्या खाली बोट ठेवलं. मावशींच्या कोंबडीच्या पायांनी लिहिलं होतं, 'तीन वाजता डोळा लागला. कूस बदलायची राहिली. पाचला बदलली.'

"हे काय?" सिस्टर म्हणाली.

"झोप लागली," मावशी म्हणाल्या. "एकदाच. म्हणून लिहिलं."

"एकदाच लिहिलंत! किती वेळा लागली ते कोणी बघितलं?"

मावशींनी कंडक्टरकडे बघितलं. फार वेळ नाही, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जायला लागतो तेवढाच. दारात सांगितलेलं त्या आता बोलून दाखवतील असं कंडक्टरला वाटलं. मावशी काही बोलल्या नाहीत. कंडक्टरही बोलली नाही. तिने बोलायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगते, शब्द ओठांपर्यंत आला होता. पण तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "या मुलीचं बघा आणि शिका," आणि शब्द घशाखाली गेला. मावशींनी पिशवी उचलली, काकांच्या कपाळावर हात ठेवला आणि निघाल्या. ज्या बाईच्या पाळीत अशी जखम झाली तिला एजन्सी पुन्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाठवत नसे, आणि मावशींना दुसरं काम येत नव्हतं. हे कंडक्टरला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

रातपाळीला माणूस मिळेपर्यंत रात्री ताईच करू लागली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन सकाळी दार उघडायची आणि म्हणायची, "झोपा काढल्या गं त्या बाईने, आणि भोगतायत माझे बाबा. तू आहेस म्हणून बरं. तू आहेस म्हणून मी ऑफिसात डोकं ताळ्यावर ठेवून बसते." हे ऐकून कंडक्टर स्वयंपाकघरात जायची आणि उगीचच धुतलेला कप पुन्हा धुवायची. आता ती दोन म्हणजे दोन तासांनी कूस बदलत होती, मिनिट चुकू देत नव्हती. उजवी तर बंदच. पाठ, डावी, पाठ, डावी. काका भिंतीकडे तोंड करून पडत आणि जखमेचं ड्रेसिंग होताना गप्प असत.

शुक्रवारी ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "कंडक्टर, त्या मावशीचं काम आपण घालवलं."

ती ड्रेसिंगच्या पट्ट्या डब्यात भरू लागली.

"मीच म्हणालो राहू दे म्हणून. चूक माझी. मी सांगतो पोरीला. माझ्या अंगाचं आहे, मी सांगणार."

"काका, नको ना," ती म्हणाली. रडकुंडीलाच आली होती. "मला काढतील हो."

"तुला का काढतील? मी आहे ना सांगायला!" काका म्हणाले. साधा माणूस. त्यांना वाटलं, ड्रायव्हरने चूक कबूल केली की कंडक्टर सुटतो.

आणि त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. ताई आली, चहाचा कप घेऊन पलंगाशी बसली, तेव्हा सगळं सांगितलं. मावशीचा दोष नाही, दुपारभर मी उजव्या कुशीवर असायचो, खिडकीतून बघायला, मीच हट्ट धरायचो, तक्त्यावर लिहिलंय ते खरं नाही. ताई ऐकत राहिली. मग तिने कप खाली ठेवला आणि कंडक्टरकडे वळून विचारलं, "बाबा म्हणतायत ते खरं का गं?"

एवढंच तर विचारलं होतं. हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

"ताई," कंडक्टर म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मऊ कसा लागतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं, "जखमेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून काकांना जरा भास होतात. तुम्हाला सांगणारच होते."

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, कोणीतरी आपल्याला अनोळखी पत्ता विचारावा तसे. ताईने वडिलांच्या केसांतून हात फिरवला. "असू दे हं बाबा. पडा आता," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आणि एकेक शब्द सुटा करून. तोवर ती त्यांच्याशी तशी कधी बोलली नव्हती.

मग काय, सूत्रं फिरली. ताईने डॉक्टरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी एक छापील कागद घेऊन आली. दहा प्रश्न. आज वार कोणता, महिना कोणता, तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता, शंभरातून सात गेले किती. रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचे आणि उत्तर बरोबर की चूक ते पुढच्या रकान्यात लिहायचं. "तूच विचार," ताई म्हणाली. "तुझं लिहिणं नीट असतं."

सोमवारी, पहिल्याच सकाळी, काकांनी दहाही उत्तरं धडाधड दिली आणि म्हणाले, "झालं? पास?" कंडक्टरने दहा वेळा 'बरोबर' लिहिलं. संध्याकाळी त्यांनी दिली, पण जरा थांबून थांबून. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज वार कोणता?" तर काका म्हणाले, "मंगळवार." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "मंगळवारच ना गं? बघ हं."

मंगळवारच होता. ती म्हणाली, "हो काका, बरोबर." पुढचा प्रश्न विचारला. त्याही उत्तराला तेच, "बरोबर आहे ना?" सिग्नलचे सेकंद तोंडपाठ असलेला माणूस, आपण कुठल्या मजल्यावर राहतो ते तिला विचारून खात्री करून घेत होता. सहाव्या प्रश्नाला तिने कागद खाली ठेवला. तिला पुढे वाचता येईना. मावशीचं काम गेलं ते एक, पण हे तिने काय करून ठेवलं होतं? कातडी भरून येते हो. दीड-दोन महिने लागतात, पण येते.

त्या दिवशी ताई घरात पाऊल टाकते न टाकते तोच कंडक्टरने तिला स्वयंपाकघरात गाठलं. खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नाही, कारण ताई बसली असती आणि पाणी मागितलं असतं तर हिचा धीर गेला असता. सगळं सांगितलं. दुपारचं, तक्त्याचं, बारा वाजता लिहिलेल्या सहाच्या नोंदीचं, मलमाचं, दारात मावशींनी दिलेल्या इशाऱ्याचं. आणि शेवटी म्हणाली, "काकांना भास-बिस काही नाही, ताई. त्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी खोटं बोलले. त्यांच्या तोंडावर बोलले."

ताई ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडली असती तर ऐकून घ्यायची तयारी होती. ताईने फक्त विचारलं, "म्हणजे बाबा मला खरं सांगत होते?" आणि ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. "मी त्यांना पडा म्हणाले गं. लहान मुलाला म्हणावं तसं."

मग तिने फोन उचलला. आधी एजन्सीला, मग मावशींना. मावशींचा फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला आणि कंडक्टरकडे सरकवला, "तूच सांग." हिने सांगितलं. मावशी म्हणाल्या, "काकांची जखम कशी आहे?"

"भरतेय, मावशी."

"पलंगाला चाकं आहेत," मावशी म्हणाल्या. "दुपारी पलंगच फिरवायचा होतास. उशाचं पायथ्याला. मग डाव्या कुशीवरूनही खिडकीच दिसते. मला वाटलं, तू तेच करत असशील." मग म्हणाल्या, "उद्यापासून येते म्हणावं." आणि फोन ठेवला.

दीड वर्षात कंडक्टरच्या डोक्यात ते आलं नव्हतं. रोज फरशी पुसताना ती त्या चाकांभोवतून फडकं फिरवत होती. दोघींनी जाऊन चाकांच्या कळा सोडल्या, ताईने एका बाजूने ढकललं, हिने दुसऱ्या. अर्धं मिनिट लागलं. काका डाव्या कुशीवर होते, आणि भिंतीच्या जागी त्यांच्या डोळ्यांसमोर हळूहळू खिडकी आली, चौक आला, संध्याकाळची गाड्यांची गर्दी आली. ताई त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. "माझं चुकलं, बाबा." काकांनी तिला थोपटलं. "जा, तोंड धू," ते म्हणाले. ती गेली.

काकांपाशी कंडक्टर एकटी उरली. सकाळी सिस्टर येणार, पाळी काढून घेणार, हे ठरलेलं होतं. तिचं त्याला काही म्हणणं नव्हतं.

"काका, मी ताईंना सगळं सांगितलं. तुम्ही बोललात ते खरं होतं. शब्दन् शब्द खरा."

काका बाहेर बघत होते. "मग तसं का म्हणालीस?"

"घाबरले."

"मी नाही घाबरलो त्या वेळी," काका म्हणाले. "नंतर घाबरलो. तू एवढं सरळ तोंड करून म्हणालीस ना, की मलाच वाटायला लागलं, झालं होतं का नव्हतं? रात्रभर आठवत पडलो. जेवढं आठवायला जावं तेवढं पातळ होत गेलं." ते थांबले. "आता तू म्हणतेस, झालं होतं. तू तर दोन्ही म्हणालीस. मी कुठलं धरू?"

"हे धरा, काका. पाया पडते तुमच्या. हे खरं आहे."

"थांब, मला विचारू दे," ते म्हणाले, आणि उशीवरून मान जराशी उचलली. "त्या शनिवारी दोन गाड्यांची टक्कर झाली. खरी?"

"खरी."

"पांढऱ्या गाडीची चूक होती."

"हो. तुम्ही सांगितलंत आणि पोलिसानेही तेच सांगितलं."

"शाळेच्या गाडीतला पोरगा जीभ काढून दाखवायचा."

"रोज दाखवायचा, काका. तुम्हीही दाखवायचात."

काकांचा चेहरा जरा सैल झाला. ते हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळपास आले. कंडक्टरच्या जिवात जीव आला. तिने त्यांच्या पांघरुणाचं टोक नीट केलं. आता हवं तेवढं विचारा, तिला वाटलं, शंभर विचारा, मी इथेच उभी आहे.

"आणि समोरच्या फुटपाथवर ती बाई," काका म्हणाले. "निळ्या छत्रीची. चारच्या सुमाराला यायची, थांबायची, वर माझ्याकडे बघून हात हलवायची. मीही हलवायचो."

कंडक्टरने तशी बाई कधी पाहिली नव्हती. चार वाजता ती चहा टाकायला आत असायची. कदाचित म्हणून. हो म्हणणं किती सोपं होतं! काका तिच्या तोंडाकडेच बघत होते. खोटं आता काही झालं तरी बोलायचं नाही असं तिने ओट्यापाशी उभं असतानाच ठरवलं होतं, आणि ते पाळायची वेळ इतक्या लवकर येईल, तीही अशी येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

"मी नाही पाहिली, काका," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. बराच वेळ ते फुटपाथकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तू पाहिली नाहीस, की ती नव्हतीच?"